धर्माचा रकाना

कार्डिफ (वेल्स), 12 ऑक्टोबर 2025

तीर्थरूप बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

तिकडची माणसे खरेच देव सोडून चालली आहेत का, असे तुम्ही परवा फोनवर विचारलेत. तेव्हा घाईत धड उत्तर देता आले नाही, म्हणून हे पत्र.

आकडे पाहिले तर तसेच वाटावे. इंग्लंड आणि वेल्सच्या 2001 च्या जनगणनेत सुमारे 72 टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हटले होते. 2021 मध्ये ते प्रमाण 46.2 टक्क्यांवर आले, आणि ‘धर्म नाही’ या चौकटीत खूण करणारे जवळपास 15 टक्क्यांवरून 37.2 टक्क्यांवर गेले. नुसत्या वेल्समध्ये तर अशांची संख्या (46.5 टक्के) ख्रिस्ती लोकांपेक्षाही (43.6 टक्के) जास्त भरली. 1904-05 मध्ये ज्या प्रदेशात भक्तीची एवढी मोठी लाट उसळली होती, जिथे कोळशाच्या खाणींभोवतीच्या लहानशा गावांतही दोन-दोन, तीन-तीन चॅपेल (छोटी ख्रिस्ती प्रार्थनाघरे) उभी होती, तिथली ही अवस्था आहे. खाणी बंद पडल्या, तरुण पोटापाण्यासाठी बाहेर पडले, आणि कितीतरी चॅपेलांमध्ये आता सदनिका झाल्या आहेत.

तरीही ‘धर्म नाही’ म्हणजे नास्तिक, असा हिशेब मला पटत नाही. आमच्या शेजारच्या आजींचे लग्न ज्या चॅपेलमध्ये लागले, ते बंद होऊन बरीच वर्षे झाली. त्यांनी जनगणनेत ‘धर्म नाही’ असेच भरले. पण नवऱ्याच्या कबरीवर फुले ठेवताना त्या त्याच्याशी बोलतात, आणि नाताळात जुनी वेल्श भजने म्हणताना त्यांचे डोळे भरून येतात. देव आहे की नाही, हे त्यांना फॉर्मने विचारलेच नव्हते. विचारले होते ते फक्त, ‘तुमचा धर्म कोणता?’

जगाचे चित्र आणखी गुंतागुंतीचे आहे. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार कोणताही धर्म न सांगणारे 2010 मध्ये जगाच्या लोकसंख्येत सुमारे 23 टक्के होते आणि 2020 मध्ये 24 टक्क्यांच्या थोडे वर गेले. त्यांतले बहुसंख्य एकट्या चीनमध्ये आहेत. या लोकांचे सरासरी वय जास्त आणि मुले कमी, त्यामुळे त्यांची वाढ पाळण्यातून होत नाही. जन्माने मिळालेला धर्म मोठेपणी सोडणाऱ्यांमुळे होते. मुस्लिमांची वाढ मात्र मुख्यतः तरुण लोकसंख्येमुळे झाली आहे. म्हणजे युरोपातली चर्च ओस पडली तरी सारे जग त्याच वाटेने निघाले आहे, असे म्हणता येत नाही.

आणि आपल्याकडे? 2011 च्या जनगणनेत सव्वाशे कोटींच्या आसपासच्या या देशात स्पष्टपणे नास्तिक म्हणून नोंदले गेलेले लोक सुमारे 33 हजार होते. हसू येते, कारण आपल्या एका आळीतच मला चार-पाच आठवतात, आणि त्यांत पहिले तुम्ही! आईच्या देव्हाऱ्यासमोर तुम्ही कधी हात जोडले नाहीत, पण आषाढीला आजोबांची वीणा पुसून ठेवायला विसरला नाहीत. त्या वर्षी प्रगणकाने तुम्हाला न विचारताच आडनावावरून ‘हिंदू’ लिहिले होते आणि तुम्हीही त्याला चहा पाजून परत पाठवले होते, हे मला लख्ख आठवते.

2027 मध्ये प्रगणक पुन्हा दारात येईल. त्याला काय सांगणार आहात, ते मला आधी कळवा. आईला मात्र एवढ्यात सांगू नका.

तिला साष्टांग नमस्कार आणि चिमणीला आशीर्वाद.

आपली,
धाकटी