काथ्या आधी धुवा, मग सिमेंटात घाला

नारळाच्या काथ्याची सिमेंट-कौले पर्यावरणपूरक म्हणून वाखाणली जातात. पण काथ्या तसाच कालवला की घोटाळा होतो. त्यातली टॅनिनसारखी विद्राव्य द्रव्ये सिमेंटचे सेटिंग लांबवतात. साचा सोडवताना कडा तुटतात. म्हणून २० ते ३० मिलिमीटरचे तुकडे करून, तांबूस पाणी यायचे थांबेपर्यंत ते गरम पाण्यात धुवावेत.

मग लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम कॉस्टिक सोडा (सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचे नाही, आणि भांडे ॲल्युमिनियमचे तर मुळीच नको). त्यात दोन-तीन तास भिजवल्यावर मेणचट थर सुटतो, धागा खरबरीत होतो, सिमेंट त्याला धरते. द्रावण तीव्र केले तर फायदा वाढतो हा गैरसमज आहे, उलट धागाच कमजोर होतो. नंतर लिटमस उदासीन दाखवेपर्यंत धुवून पूर्ण वाळवावे. सिमेंटच्या वजनाच्या एक ते दोन टक्के काथ्या पुरतो. जास्त झाला की गोळे होतात, आत पोकळ्या राहतात.

खरी अडचण पुढची. सिमेंटमधला अल्कली धागा हळूहळू पोखरतच राहतो. काथ्यात लिग्निन (धाग्याला कणखर करणारे नैसर्गिक द्रव्य) भरपूर, म्हणून तो घायपातापेक्षा टिकतो, इतकेच. सिमेंटचा काही भाग वगळून फ्लाय ॲश घातल्यास हा त्रास बराच कमी होतो, आणि औष्णिक केंद्रांच्या राखेची आपल्याकडे वानवा नाही.

काथ्या उद्योगाला अनुदान देताना धुण्याच्या टाक्यांचा खर्चही धरावा. कॉस्टिकचे पाणी उदासीन केल्याशिवाय वहाळात सोडता येत नाही.

— एक वाचक, सिंधुदुर्ग