उंबरा वाढवण्याआधी चेंबर पाहा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्यात गेल्या. त्यानंतर अनेकांनी दारात वीटबांधकाम करून उंबरे वाढवले. सिमेंट रस्त्यांमुळे ज्यांचं जोतं रस्त्याखाली गेलं, त्यांना उंबरा हवाच. पण नाल्याची पातळी चढली की गटारलाइन भरते आणि तेच पाणी उलटं फिरून न्हाणीच्या जाळीतून, संडासाच्या भांड्यातून घरात येतं. तिथे उंबऱ्याचा उपयोग शून्य.

त्यासाठी घराच्या शेवटच्या चेंबरनंतर ११० मिलिमीटरचा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा लागतो. त्याची झडप फक्त बाहेरच्या दिशेने उघडते. तो जमिनीत गाडून टाकू नका. झाकण उघडून हात घालता येईल असं वेगळं छोटं चेंबर त्याला द्या. झडपेत चिंधी, केस किंवा प्लास्टिक अडकलं की ती पूर्ण मिटत नाही, म्हणून मे अखेरीस आणि पावसाळ्याच्या मध्यात ती साफ व्हायलाच हवी.

खरी चूक मात्र वेगळीच होते. गच्चीचा पाइप बहुतेक ठिकाणी याच चेंबरला जोडलेला असतो. १,००० चौरस फुटांच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ९,३०० लिटर पाणी जमतं, आणि त्या पहाटे काही तासांत तेवढा पाऊस झालाच होता. झडप मिटलेली असताना हे पाणी बाहेर जाऊ शकत नाही आणि आपल्याच न्हाणीतून वर येतं. मग लोक व्हॉल्व्हला दोष देतात. आधी गच्चीचा पाइप तोडून शोषखड्ड्याकडे किंवा अंगणाच्या उताराकडे वळवा, व्हॉल्व्ह त्यानंतर. झडप मिटलेली असेपर्यंत संडास आणि वॉशिंग मशीन वापरू नये, हेही घरातल्या सगळ्यांना माहीत हवं.

दाराला फळी लावायची तर दोन फुटांपर्यंतच. बाहेर तीन फूट पाणी आणि आत कोरडं असेल तर भिंतीच्या तळाशी चौरस मीटरला सुमारे ९०० किलोचा दाब येतो. त्यापेक्षा घरात पाणी आलेलं परवडतं, चार इंची भिंत पडलेली नाही.

पाणी ओसरल्यावर समुद्रकिनाऱ्यावरच्या घरांत आधी मीठ धुवावं लागतं, नाहीतर स्लॅबमधलं लोखंड गंजतं. आपल्याकडे मीठ नाही, मैला आहे. गाळ ओला असतानाच ओढून काढा, फरशी धुवा आणि मगच १ लिटर पाण्यात ३० ग्रॅम ब्लिचिंग पावडर घालून फिरवा. गाळावरच पावडर टाकली तर ती वाया जाते. संडास धुण्याच्या ॲसिडजवळ तिला अजिबात नेऊ नका, विषारी वायू होतो.

आणि दिवाळीसाठी ओल्या भिंतीला पुट्टी मारण्याची घाई कृपया कुणी करू नये. पुट्टी आणि प्लास्टिक पेंट ओल आत कोंडतात. काही महिन्यांत पापुद्रे सुटतात. पाण्याच्या खुणेच्या वर एक फुटापर्यंत रंग खरवडून भिंत उघडी ठेवा. ढोबळ हिशेबाने एका बाजूने इंचभर भिंत सुकायला महिना जातो, म्हणजे नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी उघडी असली तरी चार-साडेचार महिने. कूलरचं पाणी बंद करून, पॅड काढून नुसता पंखा दाराबाहेर तोंड करून लावला तर हे काम लवकर होतं. भिंतीवर पांढरा क्षार आला तर कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने पुसलात तर तो विरघळून परत आत मुरतो. रंगाऱ्याला बोलावण्याआधी भिंतीवर फूटभर प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून २४ तास ठेवा. आतून थेंब दिसले तर काम पुढे ढकला.

भिजलेले स्विच आणि एमसीबी सुकवून पुन्हा वापरू नका, बदलाच. नवे पॉइंट साडेचार फुटांवर घ्या आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) लावल्याशिवाय मेन चालू करू नका.

आपला,
नाग नदीकाठच्या वस्तीतील एक वाचक,
नागपूर