बाई, कागदाखाली नाव त्याचं घातलंत

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

तासगावकडच्या माझ्या या भाच्याला वाचता येत नाही, हे सहावीपर्यंत सगळ्यांना दिसत होतं. का येत नाही, हे बघायची तसदी फक्त तुम्ही घेतलीत.

आधीच्या शाळेत चुकलेला शब्द 10 वेळा लिहायची शिक्षा असायची. ज्याला 'घ' आणि 'ध' सारखेच दिसतात, तो 10 वेळा 'धर'च लिहिणार आणि चूक पक्की करणार, एवढंही कुणाच्या ध्यानात येऊ नये? 2016 च्या दिव्यांग कायद्यात अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अशी अडचण, आहे. त्या स्टाफरूममध्ये मात्र पोरगं आळशी ठरलं.

तुम्ही घ-ध, भ-म या जोड्या एकत्र घेतल्याच नाहीत. आधी 'भ', परातीतल्या रव्यात बोटानं गिरवत, तोंडानं म्हणत. तो पक्का झाल्यावरच 'म'. पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या आधी आणि बोलायची नंतर, म्हणून 'दिवस'वर तो अडायचा. तुम्ही 'दि' अख्खा एका रंगात लिहिलात. पुठ्ठ्याला खिडकी कापून एका वेळी एकच शब्द दिसेल अशी पट्टी दिलीत. रोज 15 मिनिटं, बास. दमला की जुन्या चुका परत येतात.

पण त्याची मान वर झाली ती वेगळ्याच गोष्टीनं. "मला द्राक्षाच्या छाटणीतलं काही कळत नाही, तू सांग, मी लिहून घेते," म्हणालात. मग काय, गडी सुटलाच! एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी. त्याआधी काडीचे डोळे, म्हणजे कोंब फुटतात त्या जागा, तपासून आणायचे, घड कुठल्या डोळ्यात आहे ते कळतं. सबकेन, म्हणजे शेंडा खुडल्यावर फुटलेली पुढची काडी, असेल तर गाठीच्या पुढं डोळा राखून कात्री लावायची. डोळे फुटायला लावतात त्या पेस्टला पोरांनी हात लावायचा न्हाई.

'न्हाई'चं 'नाही' तुम्ही केलं नाहीत. खाली त्याचं नाव घातलंत आणि तोच कागद त्याला वाचायला दिलात. वाक्य त्याचंच, त्यामुळं पुढचा शब्द आधीच ओठावर येत होता. शिकलेल्या माणसानं पोरापुढं "मला कळत नाही" म्हणणं आमच्याकडं दुर्मिळच. चांगुलपणाला डिग्री लागत नाही म्हणतात; तुमच्याकडं दोन्ही आहे.

शुद्धलेखन अजून कच्चंच आहे. पण फवारणीच्या औषधावरचं प्रमाण आता तोच वाचतो आणि 200 लिटरच्या टाकीला किती लागेल तेही सांगतो. दहावीला तासाला 20 मिनिटं जादा मिळतात, हे तुम्हीच सांगितलंत. त्यासाठी लागणाऱ्या अध्ययन अक्षमतेच्या दाखल्याच्या मागं आम्ही लागलोय.

आपला नम्र,
पोराचा मामा