लोणीकंदची तिसरी पाहणी कधी?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

१२ डिसेंबरला डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांची जयंती झाली. कुठे हारतुरे झाल्याचं वाचनात आलं नाही, त्याचं मला फारसं वाईटही वाटलं नाही. माझी तक्रार वेगळीच आहे.

तीस वर्षं मी ज्युनिअर कॉलेजात समाजशास्त्र शिकवलं. ‘भारतीय समाजशास्त्राचे जनक कोण?’ एक मार्क. मुलं ‘घुर्ये’ लिहून मोकळी! १८९३ साली मालवणात जन्मलेला, एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृत शिकवणारा हा तरुण मुंबई विद्यापीठातले समाजशास्त्राचे प्राध्यापक पॅट्रिक गेडिस यांच्या नजरेत भरला आणि विलायतेला गेला. केंब्रिजला मानववंशशास्त्रज्ञ रिव्हर्स यांच्याकडे संशोधनाचं काम सुरू केलं. १९२२ साली रिव्हर्स अचानक वारले, तेव्हा त्यांचे सहकारी हॅडन यांच्या हाताखाली ते काम पुरं केलं. १९२४ ते १९५९ मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग त्यांनी सांभाळला. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, अ. रा. देसाई हे सगळे त्यांचे विद्यार्थी. आदिवासींना ‘मागासलेले हिंदू’ म्हणणारे घुर्ये मला कधीच पटले नाहीत, पण ते राहू द्या.

मला सांगायचंय ते लोणीकंदबद्दल. पुण्याजवळच्या, नगर रस्त्यावरच्या या गावाची पाहणी १८२० च्या सुमारास थॉमस कोट्स नावाच्या कंपनी सरकारच्या डॉक्टरनं केली होती. घरं, पिकं, बलुतेदार, कुणब्यांच्या डोक्यावरचं कर्ज, सगळं टिपून ठेवलं होतं. सव्वाशे वर्षांनी त्याच गावात काय उरलं आणि काय पालटलं, हे घुर्यांनी पुन्हा तपासलं. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९६० साली आलं, म्हणजे निवृत्तीनंतर. पुस्तकी पंडित म्हणून त्यांना हिणवणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

कोट्सच्या पाहणीला दोनशे वर्षं भरली ती कोरोनाच्या धामधुमीत. त्याआधी एकदा मी अकरावीची बावीस मुलं घेऊन लोणीकंदला गेले होते. पहिल्याच दारात आजींनी विचारलं, “कंच्या योजनेचा फारम हाय?” योजना नाही म्हटल्यावर त्या हिरमुसल्या, पण चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही आणि पूर्वी गावात कोण कोण बलुतं मागायला यायचं ते बोटांवर मोजून सांगितलं. पुढे नव्या सोसायटीच्या गेटवर वॉचमननं आम्हाला अडवलं. त्या दिवशी आमची पाहणी जुन्या गावठाणापुरतीच राहिली. गोदामांत कामाला आलेली परप्रांतीय मंडळी, गुंठ्यागुंठ्यानं विकलेली जमीन, यातलं काहीच वहीत उतरलं नाही.

पुण्यात समाजशास्त्र शिकवणारी इतकी कॉलेजं आहेत आणि गाव तासाभराच्या अंतरावर आहे. कोट्सचे आणि घुर्यांचे तपशील समोर ठेवून तिसरी पाहणी करायला एखाद्या विभागाची दोन वर्षं पुरतील. मुलांच्या त्या पाच वह्या अजून माझ्या कपाटात आहेत. आजींनी सांगितलेली यादी दुसऱ्या वहीत आहे. कुणी काम हाती घेणार असेल तर वह्या द्यायला मी तयार आहे, आणि पाय चालतायत तोवर सोबत यायलाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, वाघोली