'वर्षभर थांब' म्हणण्याआधी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लग्नात फसवणूक झाली की आपल्याकडे आधी भावकी बसते. मुलीला सांगितलं जातं, 'वर्षभर दम धर, त्याआधी कोर्ट दारात उभं करत नाही.' घटस्फोटापुरतं हे बरोबर आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १४ प्रमाणे लग्नाला वर्ष होईपर्यंत घटस्फोटाचा अर्ज एरवी घेतला जात नाही. फसवून लावलेलं लग्न रद्द करून घ्यायचं असेल तर कलम १२ लागतं, आणि तिथे फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आतच अर्ज करावा लागतो. खरं कळल्यावरही राजीखुशीने नांदलं, तर मुदतीत असूनही अर्ज टिकत नाही.

मी कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालो. तरी गंगापूर रोडवरच्या घरी ओळखीपाळखीचे लोक कागद घेऊन येतातच. मागे निफाडकडचं एक कुटुंब आलं. पिशवीत लग्नपत्रिका, नवऱ्याचा बायोडाटा आणि त्याच्या आधीच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची झेरॉक्स. बायोडाट्यात मात्र 'अविवाहित'. दिवाळीच्या साफसफाईत तो कागद मुलीच्या हाती लागला. मामा-चुलत्यांनी समजूत घालून परत पाठवली. द्राक्षाचा हंगाम उरकू दे, धाकटीचं ठरू दे, मग बघू. माझ्याकडे आले तेव्हा पुढची दिवाळीही उलटून गेली होती. 'साहेब, फसवलंय हे तर कागदावरच आहे ना?' वडील पुन्हापुन्हा विचारत होते. होतं की. मुदत तेवढी उरली नव्हती. आता घटस्फोटाचाच रस्ता.

पहिला जोडीदार हयात आहे आणि कायद्याने घटस्फोटच झालेला नाही, तर दुसरं लग्न कलम ११ प्रमाणे मुळातच शून्य, म्हणजे कायद्याच्या लेखी झालंच नाही. तिथे ही वर्षाची अट नाही. स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेली फारकत म्हणजे घटस्फोट नव्हे. समाजाची तशी जुनी रूढी कोर्टात सिद्ध करता आली तर गोष्ट वेगळी. पोराला मुलगी मिळत नाही म्हणून एजंटाला लाखांत पैसे मोजणाऱ्यांनी तरी नवरीची सोडचिठ्ठी कुठली आहे, हे डोळ्यांत तेल घालून बघावं.

प्रत्येक थापेवर लग्न रद्द होत नाही, हेही सांगायला हवं. पगार चार हजारांनी फुगवून सांगितला म्हणून कोर्टात धावणारे मी पाहिले आहेत. दडवलेली गोष्ट महत्त्वाची आणि जोडीदाराच्या संबंधातली असावी लागते. 'फिट येते' हे कारण तर १९९९ च्या दुरुस्तीने कायद्यातून गेलं, तरी पारावर ते अजून छातीठोकपणे सांगितलं जातं.

घरचे मागे सरतात ते दोन धास्तींपायी: मुलं अनौरस ठरतील आणि पोटगी बुडेल. कलम १६ प्रमाणे अशा लग्नातली मुलं औरसच धरली जातात. आईवडिलांच्या वाट्यात त्यांचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं. शून्य ठरलेल्या लग्नातही कायमची पोटगी देता येते, असा निकाल त्याच न्यायालयाने २०२५ मध्ये दिला.

बालविवाह रोखल्याच्या बातम्या पेपरात येतात. जे होऊन गेले, त्या मुलींचं काय? २००६ च्या कायद्याप्रमाणे अशी मुलगी वयाची २० वर्षं पूर्ण होण्याआधी ते लग्न रद्द करून घेऊ शकते. सुरगाणा-पेठकडे हे तिला कोण सांगणार? वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण महिलांना उत्पन्न न विचारता मोफत वकील देतं.

नाशकात वधूवर मेळावे भरवणाऱ्या मंडळांना माझी विनंती आहे. फॉर्मवर रास, नाडी, गोत्र सगळं विचारता. तिथेच 'पूर्वी विवाह झाला होता का, असल्यास कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रत जोडावी' एवढी एक ओळ सहीसकट घ्या. पुढे वेळ आलीच, तर कोर्टात तोच कागद दाखवता येईल.

— एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, गंगापूर रोड, नाशिक