तपासणी दुपारी दीडची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मला आमवात होऊन अकरा वर्षं झाली. अपंगत्वाच्या भत्त्यासाठी केलेला माझा पहिला अर्ज फेटाळला गेला, त्यात निम्मा दोष माझा होता.

तपासणी दुपारी दीडला होती. या दुखण्यात सकाळी उठल्यावर सांधे आखडतात. तास-दोन तास मूठ वळत नाही. दुपारपर्यंत बोटं बऱ्यापैकी मोकळी होतात. त्यात मी निघताना वेदनाशामक गोळी घेतली, केस नवऱ्याकडून विंचरून घेतले, इस्त्रीचे कपडे घातले. चारचौघांत जायचं म्हणजे नीटनेटकं नको? आत बाईंनी विचारलं, "बटणं लावता येतात?" मी म्हटलं, "येतात की!" पेन उचलून दाखवा म्हणाल्या, दाखवलं. जिना? "चढते, सावकाश." सकाळी माझी बटणं ज्यानं लावली तो बाहेर बाकावर बसलेला, आणि त्याला आत बोलवावं हे मला सुचलंसुद्धा नाही.

पुढे माझ्या फिजिओथेरपिस्टनं बार्थेल निर्देशांकाची गोष्ट सांगितली. १९६५ साली प्रसिद्ध झालेली ही मोजपट्टी: जेवण, आंघोळ, कपडे, जिना अशी दहा कामं आणि एकूण १०० गुण. ती वापरणाऱ्यांना पुढे दिलेल्या सूचनांत म्हटलं आहे की रुग्ण प्रत्यक्षात काय करतो ते नोंदवा, काय करू शकेल ते नाही. मी नेमकं उलटं करून आले होते. "येतं का?" या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं तर रोज येतं का, किती वेळात, किती दुखून, आणि तेवढं केल्यावर पुढच्या कामाला हात उरतात का, हे सगळं सांगावं लागतं. फॉर्मवर मात्र हो आणि नाही असे दोनच चौकोन.

दुसऱ्या वेळी दोन आठवडे वही ठेवली. 'उठले ६.१०, मूठ वळली ८.०५' अशा नोंदी. अक्षर नवऱ्याचं, कारण त्या वेळेला मला पेन धरवत नाही. चौदांपैकी चार दिवस बरे गेले, तेही लिहिले. डॉक्टरांच्या दाखल्यात नुसतं रोगाचं नाव आणि औषधं होती. हात किती वेळ आखडलेले राहतात आणि पकड कितपत आहे, याची ओळ त्यात मागून घेतली. लंगडत जा, असा सल्ला देणारेही भेटले. त्यांना हात जोडले, जमतील तेवढे.

आणि सकाळी नऊची वेळ मागून घेतली. त्या दिवशी पेन माझ्या हातून दोनदा पडलं. नवरा शेजारी होता. निकाल अजून यायचा आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातलं २८ वं कलम सामाजिक संरक्षणाला हक्क म्हणतं. मी पहिल्यांदा गेले ती मात्र कुणाकडे उसने मागायला गेल्यासारखी, ओशाळून. कार्यालयांना एवढंच सांगणं आहे की वेळ बदलून मिळते आणि सोबतीला माणूस आणता येतो, हे बोलावण्याच्या पत्रात सुरुवातीलाच ठळक छापा. माझ्या पत्रात ते होतं, पण मागच्या बाजूला, बारीक टाइपात. पहिल्या वेळी आम्ही दोघांनीही पान उलटलं नव्हतं.

आपली,
एक वाचक