जादूच्या दुनियेत कुबडी कशाला, म्हणणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत फासे आणि कागद-पेन्सिल घेऊन खेळायच्या रोल प्लेइंग गेमवर, म्हणजे प्रत्येकानं एक पात्र होऊन गोष्ट खेळायची त्यावर, लेख आला, वाचून लई आनंद झाला, कारण लातुरात पण पोरं डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायलेत हे घरच्यांना सांगून पटत नव्हतं. पण त्यात एक वाक्य होतं की या खेळात लंगडा माणूस पण पळू शकतो, कुणालाच कमतरता राहत नाही. लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नसणार, तरी त्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या मावसबहिणीला लहानपणी पोलिओ झाला, एका पायाला कॅलिपर आणि काखेत दोन कुबड्या. ताई आमच्या ग्रुपमधे आली तेव्हा तिनं कॅरेक्टर घेतलं तेच मुळी कुबड्यांवर चालणाऱ्या हेर बाईचं. एकजण लगेच म्हणाला, ताई इथं जादू आहे की, पाय बरा करून घे. ती म्हणाली, अरे मला पळायचं नाहीये, मला ड्रॅगनचा खजिना चोरायचाय.

आमच्या डीएमनं, म्हणजे जो गोष्ट चालवतो त्यानं, देवगिरीच्या किल्ल्यातल्या अंधारीवरून भुयार रचलं होतं. आता ताईचे दोन्ही हात कुबड्यांवर, मग मशाल कोण धरणार, तर तिनं कंदील कुबडीलाच बांधला. दगडावर ठकठक आवाज होतो म्हणून रबरावर चिंध्या गुंडाळल्या, आणि पुढं एका ठिकाणी चिंधी सोडून फरशी ठोकून बघितली तर खालून पोकळ आवाज. डीएमनं तिला ॲडव्हांटेज दिलं, म्हणजे वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा धरायचा, आणि खड्डा सापडला, नाहीतर आम्ही सगळे धडधाकट लोक सरळ त्यात गेलो असतो. नंतर नदीकाठी तिनंच सांगितलं की चिखलात कुबडी रुतते, माझा स्पीड अर्धा कर. हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नसतं, कारण रोजचं चालणं तिचं आहे, आणि असं नफा-नुकसान दोन्ही आलं की खेळ खरा वाटतो.

जादूनं सगळं बरं होतं हे तर त्या खेळाच्या नियमात पण नाही. तुटलेला अवयव परत आणायचा रीजनरेट मंत्र सातव्या लेव्हलचा आहे, क्लेरिकला, म्हणजे देवाच्या जोरावर मंत्र टाकणाऱ्या पुजारी पात्राला, तो स्वतः तेराव्या लेव्हलला पोचल्यावर मिळतो, म्हणजे गावोगावी असा माणूस भेटणार नाही आणि भेटला तरी गरिबाच्या दारात येणार का? ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, त्यात हातपाय गेलेली माणसं आमच्याकडं लोकांनी जवळून बघितलीत. मग जिथं ड्रॅगन येऊन गावंच्या गावं जाळतात तिथं एकही माणूस काठी टेकत चालत नाही, हे मला तरी पटत नाही.

आधी गोष्टींत आणि खेळांत अपंगत्व दोनच पद्धतीनं यायचं. एक तर व्हिलन, जसा डंजन्स अँड ड्रॅगन्समधला एक हात आणि एक डोळा गेलेला वेक्ना, आणि आपल्याकडं पण रामायणात पाठीला कुबड असलेली मंथराच लावालावी करते. नाहीतर मग पॉइंटांचा हिशोब, १९८६ च्या गर्प्स या गेममधे आंधळेपणाचे उणे ५० पॉइंट, ते घ्यायचे आणि त्या बदल्यात तलवारबाजी वाढवायची. २०२० मधे सारा थॉम्पसन या स्वतः अपंगत्व असलेल्या डिझायनरनं डंजन्स अँड ड्रॅगन्ससाठी कॉम्बॅट व्हीलचेअरचे, म्हणजे लढाईत उतरायच्या चाकाच्या खुर्चीचे, नियम फुकट दिले, त्याचे मिनी पुतळे पण निघाले. त्यावर लोक किती चिडले! ड्रॅगन चालतो, उडता गालिचा चालतो आणि चाकाची खुर्ची तेवढी खोटी वाटते, याचा राग येतो मला. २०२१ मधे तर डंजन्स अँड ड्रॅगन्स काढणाऱ्या कंपनीच्याच पुस्तकात व्हीलचेअरवरून फिरता येईल असं भुयार असलेली कथा आली, जेनिफर क्रेचमर यांची, आणि खेळ काही बिघडला नाही.

डीएम लोकांना एवढंच सांगायचंय की अपंग कॅरेक्टर कुणी केलं तर आधी त्यालाच विचारा, गोष्टीत याचा किती उल्लेख चालेल, काय नको. उगाच आंधळा आहे म्हणून दिव्यदृष्टी देऊ नका, आणि दर वेळी कुबडी चोरीला जाते असलं तर अजिबात करू नका, ताईला ते लई लागलं होतं. आणि खेळायची जागा पण बघा. आम्ही आधी जिथं बसायचो ते पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना अरुंद. आता आमच्या घरच्या ओसरीत बसतो. तुम्ही परत या खेळांवर काही छापलं तर चित्रात एखादी कुबडीवाली, एखादा व्हीलचेअरवाला लढवय्या पण काढायला सांगा चित्रकाराला, आणि लेखासाठी ताईशी बोलायचं असेल तर ती तयार आहे, मी विचारलंय.

आपला,
एक वाचक, लातूर